शेषरावांच्या झाडांमधला कार्बन

भिलाईच्या पोलाद कारखान्यात शेषराव कापगते यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं: वितळलेल्या लोखंडातला कार्बन काढणं. ऑक्सिजनचा झोत मारायचा, नमुना तपासायला पाठवायचा, आकडा खाली आला की सुटकेचा निःश्वास. कार्बन वाढला की पोलाद तडकतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून जुनवानी गावापलीकडच्या त्यांच्या दोन एकरांतली झाडं मोजायला एका संस्थेतून आलेली दामिनी म्हणाली, "काका, इथं कार्बन भरपूर दिसतो," तेव्हा ते दुखावले.

"नाही बाई, एकदम कमी हाय. पाहिजे तं टेस्ट करा."

दामिनी भिलाई-3 भागातल्या, रेल्वेत नोकरी असलेल्या मराठी घरातली. हसू दाबून तिनं घरच्या मराठीत समजावलं. झाडं हवेतला कार्बन ओढून खोडात साठवतात. साठेल तितका चांगला. वीस वर्षं झाडं तोडायची नाहीत, त्याबदली तिची संस्था दरवर्षी पैसे देणार. शिवाय डबरीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, काठची मुळं पाणी धरतात, खालच्या वस्तीची बोअर उन्हाळ्यातही चालते. टँकरपेक्षा झाडं राखणं स्वस्त पडतं.

"म्हणजे काही न करायचा पगार?"

"तुमाले तं सवयच हाय, जी," चहा घेऊन आलेली त्यांची बायको पंचफुला म्हणाली.

शेषराव हसले नाहीत. सुपेल्याचा जमिनीचा दलाल शामसुंदर संध्याकाळी बयाणा घेऊन येणार होता. प्लॉट पाडले तर एकरकमी मोठी रक्कम. झाडं आणि डबरी मात्र जाणार. दामिनीच्या कागदावर सहीचा आज शेवटचा दिवस. प्लॉटचा सौदा त्यांना कळत होता, हा कळत नव्हता.

"पैसे देते कोण?"

"एखादा कारखाना. तो धूर सोडतो, तुमची झाडं त्यातला थोडा ओढतात."

"मंग मी एकतीस वर्षं काढला, तो कार्बन कुठं गेला?"

"हवेत, काका."

"आन् आता झाडात?"

"थोडा असेलही."

शेषरावांनी अर्जुनाच्या झाडाच्या खोडावर हात ठेवला. "मंग मले काढाले कावून लावला?"

दामिनीनं सहीचा कागद पुढे सरकवला.

"सही करा नाहीतं नका करू," पंचफुला म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला."

विकलेली जमीन परत मिळणार नव्हती. वीस वर्षांनी झाडं तरी उरली असती. एवढंच त्यांना पटलं. त्यांनी सही केली आणि शामसुंदरला फोन लावला.

"येऊ नको भाऊ. झाडात कार्बन भरून राहिला."

"कौन सा कार्बन?"

"मलेही नाही समजलं," शेषराव म्हणाले. "पण आता तोडता येत नाही."