आबांच्या दारासमोरची जागा

मी नगरपालिकेत निवडून आले त्या दिवशी गुलाल माझ्या नवऱ्याच्या अंगावर पडला. माझ्या कपाळाला कुणीतरी बोट लावलं, हातात हार दिला, आणि मग सगळी आळी त्यांना खांद्यावर घेऊन इंदापूरच्या पेठेतून नाचत निघाली. मी मागून बायकांबरोबर चालत आले. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांना 'मेंबर' म्हणायला लागले आणि मला 'मेंबरीण', जसं मास्तरच्या बायकोला मास्तरीण म्हणतात तसं.

नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हाची ही गोष्ट. आमचा वॉर्ड गावाच्या कडेला. अर्धी घरं पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची, आता कुणी गवंडीकामाला, कुणी लोणी देवकरच्या नव्या कारखान्यात, कुणी एसटीत. उरलेली अर्धी माळ्यांची. त्यांचे मळे कालव्याच्या पाण्यावर पिकायचे. माझ्या मालकांचा टेम्पो होता. माळ्यांची वांगी, टोमॅटो, गवार भरून ते बारामतीच्या मंडईला न्यायचे. उभं राहायला मलाच सांगितलं गेलं, कारण मी माहेरी लोणी भापकरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली होते, आणि मुख्य म्हणजे आबांनी सांगितलं.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे. आळीत त्यांचा शब्द शेवटचा. भांडण असो, सोयरीक असो, कुणाला मत द्यायचं असो, आबांच्या ओट्यावर ठरायचं. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ दिला नाही. नगरपालिकेत खुर्चीवर बसायची, आणि त्यांच्या ओट्यापुढून जाताना चप्पल हातात घ्यायची.

पहिले काही महिने माझ्या जागी मालकच सभेला जायचे. मला सही करायला बोलावणं यायचं. मग एकदा मंडईची गर्दी होती, त्यांना टेम्पो सोडता येईना, म्हणून मी एकटी गेले. चर्चेत माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण मला सगळं समजत होतं. पुढच्या सभेलाही मीच गेले. मालकांनी अडवलं नाही. त्यांना त्या खुर्चीचा कंटाळा आला होता असं मला वाटतं. मला तो यायला अजून वेळ होता.

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आत दारात माणूस उभा असायचा. गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, कोपऱ्यावरच्या नळाला पाणी नाही, शेजाऱ्यानं पायरी रस्त्यात काढली. मी भाकरी थापता थापता ऐकायची. मग मुलांचे डबे, मग नगरपालिका. तिथला साहेब म्हणायचा, करू. मी घरी येऊन सांगायची, करतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तिथंच उभा. लोक मला बोलायचे ते खरं नगरपालिकेला असायचं, पण ऐकायला मीच होते. एकाच वेळी दोन संसार करावेत तसं झालं होतं, आणि दुसऱ्या संसारात घरातलं माणूस म्हणावं असं एकही नाही.

आळीतल्या बायकांची खरी अडचण मात्र दारात कुणी सांगितली नाही. ती मला सांगायची गरजच नव्हती, कारण मीही त्यांच्यातलीच. आमच्याकडे एकाही घरात संडास नव्हता. आळीच्या मागं मोकळं माळरान होतं, बाभळी होत्या. दिवस उगवायच्या आत आणि दिवे लागणीला आम्ही टमरेल घेऊन घोळक्यानं जायचो. मग त्या माळाचे प्लॉट पडले. तारेचं कुंपण आलं, पाये खणले गेले, बाभळी तुटल्या. आम्हाला आणखी लांब, ओढ्यापलीकडं जावं लागायला लागलं. तिकडून कारखान्याची पाळी सुटलेली माणसं सायकलवरून यायची. आम्ही उठून उभ्या राहायचो. सायकली जाईपर्यंत कुणी कुणाकडं बघायचं नाही.

म्हणून मी सभेत बायकांसाठी संडास मागितला. कुणी हसलं नाही, उलट लगेच मंजूर झाला. अशा कामाला वर पैसा पडून होता, फक्त जागा दाखवा म्हणाले. आळीत नगरपालिकेची मोकळी जागा एकच होती, आबांच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं. तिथं एक मोडकी बैलगाडी पडलेली असायची, बाकी काही नाही.

आबांनी ओट्यावर बैठक बोलावली. पुरुष वर बसले, आम्ही बायका खाली भिंतीला टेकून. आबा म्हणाले की सकाळी उठून दार उघडलं की समोर काय बघायचं, ह्याचा विचार कुणी केलाय का? पाव्हणा आला तर त्याला कुठं तोंड करून बसवायचं? दुसऱ्या कुणी म्हटलं की मग माळ्यांच्या बाजूला बांधा. माळी म्हणाले आमच्या बाजूला जागाच नाही. थोडा वेळ असंच चाललं. मग आबांनी खाली आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमीच सांगा बायांनो. पायजे का न्हाय?"

मी सगळ्यांकडं बघितलं. आदल्या सांजेला ओढ्यापलीकडं ज्या माझ्याशी तावातावानं बोलत होत्या, त्या सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. शेवटी आबांची बायको बोलली. मी त्यांना थोरल्या आत्याबाई म्हणायची. वय झालेलं, गुडघे गेलेले, घोळक्यात नेहमी मागं राहायच्या. त्या म्हणाल्या, "आमास्नी सवय हाय. आमाला काय नगं."

बैठक तिथंच संपली. लोक चहा पिऊन उठले. मी घरी येऊन पीठ मळलं. मालक म्हणाले, बायांनाच नको तर तू कशाला डोकं फोडतीस? मला राग सुद्धा आला नाही. अंगातलं काहीतरी खाली बसल्यासारखं झालं, इतकंच. साहेबाला जाऊन सांगितलं की जागेचं अजून ठरत नाही. तो म्हणाला, मॅडम, सगळीकडं असंच असतं.

त्यानंतर पावसाळा गेला. थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी आम्ही ओढ्याकडून परत येत होतो. प्लॉटमधून वाट काढत चाललो होतो, अंधारून आलं होतं. मागं आवाज झाला. थोरल्या आत्याबाई नव्या घराच्या पायासाठी खणलेल्या चरीत पडल्या होत्या. ओरडल्या नाहीत. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या आधी लुगडं सारखं करत होत्या. पाय हलवायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी माझा दंड असा धरला की नखं रुतली.

मालकांनी टेम्पो आणला. मागं भाजीच्या गोणपाटांवर गादी टाकली, त्यांना उचलून ठेवलं. आबा पुढं मालकांशेजारी बसले, मी मागं आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. बारामतीला हाडाचा डॉक्टर होता, तिकडं निघालो. रस्ता खराब. निमगाव केतकीच्या अलीकडं खड्डे होते, प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे घट्ट मिटायच्या. टेम्पोत कुजलेल्या कोबीचा वास होता. मी पाणी पाजायला गेले तर नको म्हणाल्या.

निमगाव मागं पडल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "त्या दिशी मी खोटं बोलले बग."

मी म्हटलं, आता कशाला तो विषय, गप पडून ऱ्हावा.

"न्हाय, ऐक," त्या म्हणाल्या. "मी दोन सालं रातचं जेवत न्हाय. सांजचं पाणी बी पीत न्हाय. पुन्यांदा जावं लागंल म्हणून. पर ह्यांच्या म्होरं चार माणसांत कसं म्हणायचं, मला संडास पायजे म्हणून?"

मला तेव्हा कळलं की पाणी सुद्धा त्यांनी का नको म्हटलं. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले. पुढं केबिनमध्ये आबांची टोपी दिसत होती. मधली काच फुटलेली होती, तिथं अर्ध्यावर पुठ्ठा लावलेला. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं ऑपरेशन केलं, आत स्टीलची पट्टी घातली. दवाखान्यात त्यांच्यापाशी मी राहिले, कारण त्यांच्या सुनेला तान्हं मूल होतं. आबा दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायचे. आत येऊन काय बोलावं हे त्यांना कळत नसावं. नर्स दिवसातून कितीदा तरी लघवीचं भांडं घेऊन यायची, पडदा ओढायची, आणि आबा उठून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे.

तिथं एका दुपारी मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "सूनबाई, ती जागा अजून तशीच हाय का?"

मी म्हटलं, "हाय आबा."

"बांध मग."

गावाकडं आल्यावर लोकांना त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण मोडकी बैलगाडी एके दिवशी तिथून हललेली दिसली.

वाटलं होतं की आता काम झालं. पण मंजूर झालेला पैसा तोवर दुसऱ्या वॉर्डाच्या गटाराला गेला होता. पुन्हा ठराव, पुन्हा हेलपाटे. साहेबाची बदली झाली, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ठेकेदार पाया खणून गेला तो बरेच महिने आलाच नाही, खड्ड्यात पाणी साचून डास झाले आणि त्याची तक्रार घेऊन लोक माझ्याच दारात. शेवटी भिंती उभ्या राहिल्या, पत्रा पडला, दारं लागली. नगराध्यक्षांनी नारळ फोडला. फोटोत मालक पुढं आहेत, मी कडेला अर्धी दिसते. वरच्या टाकीला पाण्याची लाईन जोडायची राहिली होती, ती माझी मुदत संपेपर्यंत जोडली गेली नाही. बायका घरून बादली न्यायच्या. बादली नेताना म्हणायच्या, मेंबरणीनं बांधलाय खरा, पर कोरडा. झाडूवाली आली नाही की मी जायची आणि स्वतः खराटा मारायची. कुणी बघितलं तर म्हणायचं, राहू द्या मॅडम, आणि पुढं निघून जायचं.

थोरल्या आत्याबाई काठीनं चालायला लागल्या होत्या, पण उकिडवं बसणं त्यांना आता जमणार नव्हतं. ज्यांच्यामुळं हे उभं राहिलं त्यांनाच ते उपयोगाचं नव्हतं. मी हे ठेकेदाराला सांगितलं, तो म्हणाला नकाशात तसं नाही. मग आमच्याच आळीतल्या एका गवंड्याला धरलं. त्यानं कडेच्या खोलीत दोन्ही बाजूंनी विटा रचून खुर्चीच्या उंचीचा कट्टा केला, मधे जागा सोडली, वरून सिमेंट घोटून गुळगुळीत केलं. भिंतीत धरायला एक गज बसवला.

कट्टा वाळला त्या दुपारी मी मुद्दाम माझ्या दारात उभी होते, लागलं तर हात द्यायला. आबांचं दार उघडलं. आधी आबा बाहेर आले, एका हातात पाण्याची बादली. मग आत्याबाई. आबांनी मोकळा हात पुढं केला आणि त्यांचा दंड धरला. आमच्याकडं म्हातारे नवरा-बायको रस्त्यानं जाताना नवरा कितीतरी पुढं असतो. ही दोघं शेजारी शेजारी, हळूहळू रस्ता ओलांडत होती. ओट्यावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. आबांनी कुणाकडं बघितलं नाही. बादली आत ठेवली, आत्याबाईंनी आतून दार लावल्यावर तिथंच बाहेर दाराकडं पाठ करून उभे राहिले, टोपी काढून घाम पुसला. मी आत गेले. माझी तिथं गरज नव्हती.

पुढं ते रोजचंच झालं. आत्याबाईंना तेवढा एक उन्हाळा आणि एक पावसाळा मिळाला. दिवाळीनंतर त्या गेल्या.

माझी मुदत संपली तेव्हा आमचा वॉर्ड खुला झाला. पण शेजारचा बायकांसाठी निघाला होता, म्हणून पक्षाची माणसं घरी आली. म्हणाली, वहिनींचं काम चांगलं आहे, तिकडून त्यांना उभं करा. हे ते मालकांना सांगत होते. मी चहा आणून ठेवला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, त्यांना हवं होतं हे मला दिसत होतं. टेम्पो जुना झाला होता, आणि मेंबर म्हणवून घ्यायची आता सवय लागली होती.

मी म्हटलं, "न्हाय. मी दमले."

एक जण हसून म्हणाला, राजकारणात कुणी दमतं का वहिनी. मी कपबशा गोळा केल्या आणि आत आले. ते बराच वेळ बसून गेले. मालक चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, मग मंडईच्या गडबडीत विसरले.

त्या दिवशी आत आल्यावर मी कपबशा तशाच मोरीत ठेवल्या आणि फरशीवर आडवी झाले. लग्न होऊन आल्यापासून दिवसाची मी कधी झोपले नव्हते. बाहेर कुणीतरी मेंबरीण हाय का म्हणून विचारत होतं, आणि मुलगी सांगत होती, आई झोपलीय. तो माणूस थोडा वेळ थांबला असावा. मग त्याच्या चपलांचा आवाज आळीतून लांब गेला.