एका ‘एम’ची चूक

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे ऱ्हस्वदीर्घ काकू म्हणत. मुद्रितं तपासता तपासता केस पिकले होते. आकड्यांच्या बाबतीत तर त्या भलत्याच कडक. “मथळ्यात आद्याक्षरं नकोत, रक्कम अक्षरी लिहा,” असं नव्या बातमीदारांना बजावायच्या.

एकदा छोटीशी बातमी आली. कारखान्यात यंत्रात बोटं गेलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला विमा कंपनीनं भरपाई दिली होती. कंपनीच्या पत्रकात रक्कम होती ‘$३ एम’. एम म्हणजे मिलियन, हे शेंबडं पोरही सांगेल! काकूंनी मथळा केला, ‘शिवणवालीला तीस लाख डॉलर’. कंपनीला एक फोन करावा असं मनात आलं होतं, पण पान छपाईला सोडायची घाई होती.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. “आमच्या जुन्या हिशेबी पद्धतीत एक एम म्हणजे हजार. मिलियनला आम्ही दोन एम लावतो. तीन हजार मिळालेत तिला.”

आतल्या पानावर, कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापली गेली. ती कोण वाचतंय? काकूंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी पत्ता शोधत त्या शिवणवालीच्या दारात उभ्या राहिल्या.

“तुम्हीपण मागायलाच आलात?” पट्टी बांधलेला हात दाराला टेकवून तिनं विचारलं.

“नाही गं. ते तीस लाख मीच लिहिले.”

ती म्हणाली, “घरमालकानं भाडं वाढवलं, लांबच्या मावश्या जवळच्या झाल्या. त्याचं काही नाही हो. पण वहिनीच्या ऑपरेशनला मी दादाला दीड हजार दिले, ते त्यानं परत पाठवले. म्हणाला, तीस लाखांतून दीड हजार? भीक घालतेस का?”

तिनं अर्धे दिले होते. काकूंना तिच्याकडे बघवेना.

दादा गाड्या दुरुस्त करायचा. काकू तशाच त्याच्या गॅरेजवर गेल्या. “चूक माझी आहे. तीनच हजार मिळालेत तिला.”

तो ग्रीसचे हात पुसत राहिला. “तिनंही हेच सांगितलं होतं. मी म्हटलं, पेपर कशाला खोटं बोलेल?” त्यानं शटर ओढलं आणि बहिणीच्या घराकडे निघाला.

महिनाभरानं काकू पुन्हा तिच्याकडे गेल्या. दादा आला होता, ढसाढसा रडला होता, वहिनीच्या ऑपरेशनसाठी पैसेही घेऊन गेला होता.

“झालं ना मग सगळं नीट?” काकूंनी आशेनं विचारलं.

“झालं की. पण पूर्वी तो माझ्याशी कडाकडा भांडायचा. आता फार जपून बोलतो, पाहुण्यासारखा.”

तिनं चहा पुढे केला. काकूंना नाही म्हणवेना, आणि तो घोटही घेववेना.