सावलीतले तुस्कानो सर

तुस्कानो सर सरळ रस्त्याने चाललेत असं मी कधी पाहिलं नाही. दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या ऑफिसच्या दारातून समोर बघितलं की चहाची कॅफेटेरिया दिसायची. कोणीही शहाणा माणूस रस्ता ओलांडून गेला असता. सर आधी डावीकडे टायरच्या गोदामाच्या भिंतीला लागायचे, मग मागच्या गल्लीतून वळायचे, पुढे एका ट्रकच्या आडोशाने येऊन शेवटी एकदाचे चहापाशी पोचायचे. मी नवीन होते, मला भूक लागलेली असायची, आणि मनातल्या मनात मी चरफडायचे. "सर, समोर तर आहे!" म्हटलं की उत्तर ठरलेलं असे. "सरळ रेघ कागदावर मारायची, पोरी. बाहेर सावली बघून चालायचं."

सर वसईचे. पूर्ण नाव बस्त्याव तुस्कानो. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्वांत ज्येष्ठ, त्यामुळे नाव घेऊन हाक मारायची कोणाची छाती नव्हती. ते तरुणपणी दुबईत आले तेव्हा आत्ता जिथे टॉवर आहेत तिथे नुसती वाळू होती म्हणे. इथल्या कितीतरी इमारतींच्या नकाशांवर त्यांचा हात फिरलेला. गाडीतून जाताना ते बोट दाखवायचे, पण "ही मी काढली" असं कधी म्हणत नसत. "हिच्या मागे चार वाजता मस्त सावली पडते," एवढंच म्हणायचे. कुठली इमारत कधी कुठे सावली टाकते हे त्यांना तोंडपाठ. दुपार व्हायच्या आत एकदा आणि जेवणानंतर एकदा ते "यल्ला, गाडी!" म्हणून उठायचे आणि सावली सरकेल तशी गाडी सरकवून यायचे. मीटिंग चालू असली तरी उठायचे. बॉसनेही नाद सोडला होता.

मग आमच्याकडे कॅनडातली कामं यायला लागली. तिकडच्या आर्किटेक्टांनी ढोबळ ठरवायचं आणि इकडे आम्ही ड्रॉइंग काढायची. पहिलंच काम टोरांटोमधल्या एका टॉवरचं होतं, शेजारी मुलांचं खेळायचं मैदान. सरांनी त्यात जीव ओतला. टॉवर असा काही फिरवला की दुपारभर मैदानावर गार सावली. मला तर ते ड्रॉइंग भयंकर आवडलं. माझं बालपण शारजात गेलं, तिथल्या घसरगुंडीवर बसून भाजलेली मी. सगळं ऑफिस खूष होतं. व्हिडिओ कॉलवर सरांनी ऐटीत ते दाखवलं. पलीकडच्या आर्किटेक्ट बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, "पण मग मुलांना ऊन कुठे मिळणार?"

सरांनी कॉलचा माइक बंद केला आणि आमच्याकडे वळले. "ऊन? मुद्दाम ऊन पाहिजे? काय बाई आहे!"

तिकडच्या थंडीमुळे बागेवर, मैदानावर सावली पडू द्यायची नाही, त्यासाठी नियम आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अख्ख्या ऑफिसात ही चूक एकाच्याही लक्षात आली नव्हती, कारण आमच्यापैकी कोणाला ती चूक वाटणंच शक्य नव्हतं. सरांनी ड्रॉइंग बदललं, पण जीव काही लागेना. "गिऱ्हाईक म्हणतंय ना, देऊन टाकू ऊन," असं पुटपुटत त्यांनी काम संपवलं.

त्यांचं मन पालटलं ते सेलिन आंटीमुळे. सेलिन आंटी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्यांची एकुलती एक मुलगी टोरांटोला असते. तिच्या बाळंतपणाला आंटी ऐन हिवाळ्यात तिकडे गेल्या. संध्याकाळी सर मला शारजाला घरी सोडायचे. त्या ट्रॅफिकमध्ये माणूस म्हातारा व्हावा, अशा वेळी तिकडे सकाळ उजाडलेली असे आणि आंटींचा फोन येई. फोन स्पीकरवर, त्यामुळे मीही घरचीच.

"अहो, काल बाळाला घेऊन खाली गेले होते," एकदा आंटी म्हणाल्या. "दोन टॉवरच्या मधे उन्हाचा एवढासा पट्टा. तेवढाच. बाबागाडी त्यात उभी केली. पट्टा सरकला की मी पण सरकायचं. मग पट्टा गेलाच. तो समोरचा जाडा टॉवर आहे ना, तो हलतच नाही मेला."

"टॉवर कसा हलेल, सेलिन?"

"त्याची सावली हो! बसली की बसली. एक तरुण पोरगी पण बाळ घेऊन आली होती. आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून परत फिरलो. मला रडायला आलं हो. तुम्ही लोक काय काय बांधता!"

फोन संपल्यावर सरांनी शारजा येईपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.

त्यानंतर आलेल्या टोरांटोच्या कामाची जागा त्यांनी नकाशावर शोधली तर ती मुलीच्या घरापासून ट्रॅमच्या थोड्या थांब्यांवर. छोटी बाग, बाकं, आणि बागेच्या नैऋत्येला आमचा टॉवर. आखूड आणि रुंद. नियमाप्रमाणे वसंतातल्या आणि शरदातल्या सावल्या दाखवायच्या होत्या, त्या ठीक बसत होत्या. डिसेंबरचं कोणी विचारलंच नव्हतं. सरांनी डिसेंबर काढून बघितला. सारी दुपार बाग अंधारात. टॉवर बारीक आणि उंच केला तर सावली लांब पडत होती, पण झरझर पुढे जात होती. "उंच हो बाबा, हवा तेवढा हो, पण लठ्ठ होऊ नकोस," असं ते स्क्रीनवरच्या टॉवरला समजावत बसायचे.

बॉसला हे आवडलं नाही. "सर, जेवढं मागितलंय तेवढंच देऊ या ना. काम हातचं जाईल." सरांनी साठी ओलांडलेली, व्हिसा थोड्याच दिवसांत संपायचा, आणि तो पुढे वाढवायचा की नाही हे याच बॉसच्या हातात. नोकरी गेली की देश सोडायचा, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी गाडीत अक्षरशः हात जोडले. "सर, कशाला नसत्या भानगडीत पडता? तिथे आपण कधी जाऊन बसणार आहोत का?"

"आपण नाही बसणार. कोणीतरी बसणार ना? जन्मभर मी इथे लोकांना सावली दिली, पोरी. आता तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं ऊन काढून घेऊ?"

पुढच्या कॉलवर त्यांनी टेबलावरचा खजुराचा डबा उचलला. तो आडवा ठेवला आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्याभोवती हळूहळू फिरवला. मग तोच डबा उभा केला आणि पुन्हा टॉर्च फिरवला. आडव्या डब्याची सावली शेजारच्या चहाच्या कपावर ठाण मांडून बसली होती; उभ्याची येऊन चटकन निघून गेली. "सेम डबा, सेम खजूर," सर म्हणाले, आणि मग इंग्रजीत, जरा अडखळत, आपली बायको आणि नातू उन्हाचा पट्टा कसे शोधतात ते सांगितलं. बॉस खाली मान घालून बसला होता. पलीकडचे लोक विचार करून कळवतो म्हणाले.

टॉवर बारीक झाला. सरांचा व्हिसा मात्र वाढला नाही. बॉस वाईट माणूस नव्हता. "आता टीम तरुण करायची आहे," एवढंच म्हणाला. मी खूप चिडले, भांडायला निघाले होते. सरांनी मला थांबवलं. "खलास, पोरी. चल, चहा पिऊ." शेवटच्या दिवशीही आम्ही टायरच्या गोदामाच्या भिंतीला लागून, मागच्या गल्लीतून गेलो. त्या दिवशी तो रस्ता मला फार छोटा वाटला.

ते वसईला गेले. आता अधूनमधून दोघं मुलीकडे जाऊन राहतात. मी अजून अल क्वोजमध्येच आहे, आणि नवीन मुलं माझ्या मागून गोदामाच्या भिंतीला लागून चालताना कुरकुरतात. गेल्या डिसेंबरात सरांचा एक व्हॉइस मेसेज आला. मागे ट्रॅमची घंटा, वारा, आणि सरांचे वाजणारे दात.

"पोरी, टॉवर झाला गं. मुद्दाम बघायला आलो, त्याच बागेत बाकावर बसलोय. मगाशी सावली आली अंगावर. सेलिन म्हणाली, चला घरी, मराल थंडीने. म्हटलं, थांब जरा. बसून राहिलो. मनात म्हणत होतो, गणित चुकलं असेल तर? आणि सरकली गं! सरकली! आख्खं आयुष्य उन्हाला टाळलं मी, आणि आता बघ, तोंडावर घेतोय. बाजूला दोन बाबागाड्या आल्यात, एक म्हातारा पेपर वाचतोय..."

तेवढ्यात मागून सेलिन आंटींचा आवाज आला.

"अहो, पुरे झालं बोलणं! जरा सरका तिकडे. मला बसू द्या उन्हात."