मिशा न आलेले चार मासे

आधीच माफी मागते. माझे अक्षर वाकडेतिकडे आहे, वेलांट्या चुकतात आणि मध्येच हिंदी शब्द येतो, कारण तोंडात तोच बसला आहे. ही वही म्हणजे मी काम करते त्या दवाखान्यातली जुनी डायरी. मॅडमनी रद्दीत टाकायला काढली होती, ती मी मागून घेतली. हिच्यात मी काही लिहिते हे घरात कुणाला माहीत नाही. बोलताना माझी जीभ अडते. लिहिताना निदान समोर कुणी उत्तराची वाट बघत नसते.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत जायच्या वेळी माझा भाऊ अकरा महिन्यांचा होता आणि आईला लोकांकडे पोळ्या करायला जावे लागत होते. म्हणून मी घरी राहिले. त्याला कडेवर घेऊन मी शाळेच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. तो पुढे बारावी झाला, त्याने रंगीत माशांचे दुकान टाकले, तेव्हा मी सगळ्या चाळीत पेढे वाटले होते. माशांचे जे काही मला येते ते त्याच्याच दुकानात बसून शिकले.

विजय नगरला एका दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे मी झाडू-पोछा करते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात आफ्रिकन सिक्लिड आहेत, पिवळे, निळे आणि दोन काळ्या पट्ट्यांचे. फार भांडखोर जात. एकाच्या दगडामागे दुसरा गेला की लगेच धावून जातात. आधी एक माणूस टाकी साफ करायला यायचा, तो यायचा बंद झाला तेव्हा मी हळूच मॅडमना म्हटले, मला येते. या माशांना जड पाणी लागते. आमच्या भांड्यांवर पांढरा थर बसवणारे बोरिंगचे पाणी त्यांना चांगले मानवते. मी नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात अर्धे बोरिंगचे घालायची आणि एक दिवस उघडे ठेवून मग टाकीत सोडायची. मॅडमनी पगारात पाचशे वाढवले. माशांच्या खाण्याचा डबा माझ्या हाती दिला. त्या दवाखान्यात माझ्या हाती असलेली ती एकच वस्तू होती.

टाकीत शेवाळ फार व्हायचे. काच घासली तरी दगडांवर हिरवट काळे राहायचेच. मॅडम एक दिवस फोनवर बघत म्हणाल्या, "दीदी, हे शेवाळ खाणारे प्लेको म्हणून मासे असतात ना? पण इथे तर एकेक सात-आठ हजाराचा दाखवतायत. इतना नहीं करना अपने को. बजेटमधले असतील तर बघा. पण या गुंडांबरोबर टिकले पाहिजेत."

मी म्हटले, भावाला विचारते.

भावाने मला सगळे नीट समजावले. ते समजावणे मला आजही शब्दन् शब्द आठवते. त्याने दोन टाक्या दाखवल्या. एकीत साधे सकर, साठ रुपयाला एक. "हे स्वस्त, पण हे घेऊ नको, ताई. हातभर वाढतात. सगळी टाकी घाण करतात, दगड उलथवतात. शेवटी लोक तलावात सोडून येतात." दुसरी टाकी रिकामी होती. "यात ब्रिसलनोज येणार आहेत. तोही प्लेकोच, पण चार-पाच इंचांवर थांबतो. चिवट असतो, जड पाण्यात राहतो. सिक्लिडने टोचले तरी कातडी टणक. फक्त अगदी पिल्लू घ्यायचे नाही, तीन इंचाचे घ्यायचे आणि लपायला पाइपचे तुकडे टाकायचे."

"ओळखायचे कसे?" मी विचारले.

"नराच्या नाकावर मिशांसारखे काटे येतात. पण मोठा झाल्यावर. लहानपणी सगळे सारखेच दिसतात. आणि पाठीवरचा पर. सकरचा उघडला की शिडासारखा उभा राहतो, ब्रिसलनोजचा लहान असतो." मग हसून म्हणाला, "तुला काय करायचे ओळखून? मी आहे ना."

तीन इंची एक सहाशेला. एक नर, तीन माद्या. चोवीसशे रुपये. मॅडमनी पाकिटात घालून दिले, मी तसेच भावाला दिले. पावती मॅडमनी मागितली नाही. मीही भावाकडे मागितली नाही. सख्ख्या भावाकडे पावती मागितली असती तर गेलेली आई वरून खाली आली असती.

मासे भाऊबीजेला आले. ओवाळून झाल्यावर त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली, हवा भरलेली पिशवी ताटाशेजारी ठेवली. म्हणाला, "मॅडमचे मासे. मी एक पैसा नफा घेतला नाही, तीच तुझी ओवाळणी समज."

आमच्याकडे भाऊ समोर बसलेला असताना त्याने ताटात काय घातले ते बघत नाहीत. आईची तशी शिस्त होती. नोट असो, साडी असो, पदराखाली सरकवायची आणि त्याला वाढायला घ्यायचे. मी ती पिशवी तशीच गार कोपऱ्यात ठेवली. त्याला श्रीखंड-पुरी वाढली. कागद उघडून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सिटी बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, बम तो नहीं है?" सगळे हसले. मीही हसले. टाकीत पिशवी तरंगत ठेवली, थोडे थोडे पाणी आत घातले, मग सोडले. चारही मासे पर अंगाशी मिटून दगडांखाली गेले. घाबरलेला मासा पर मिटतोच, म्हणून मला काही वाटले नाही.

आठवड्यात काच लखलखली. पेशंट टाकीपुढे उभे राहायला लागले. मॅडम त्यांना सांगायच्या, "हमारी दीदी एक्सपर्ट हैं." मला तिथून पळून जावेसे वाटायचे, पण रस्त्याने घरी जाताना तेच शब्द मी मनात पुन्हा म्हणायची.

त्या मिशांची मी रोज वाट बघितली. फरशी पुसून झाली की काचेला नाक लावायची, पण दिवसा ते दगडांखाली पर मिटूनच पडलेले असायचे. चारात नर कोणता ते मला आधी ओळखायचे होते. नवरा विचारायचा, "आल्या का मिशा?" मी नाही म्हटले की स्वतःच्या मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "मग यातला एक केस घेऊन जा."

मिशा आल्या नाहीत. मासे मात्र वाढत राहिले. संक्रांतीपर्यंत ते पाच इंचांचे झाले, होळीच्या सुमाराला माझ्या हाताच्या पंज्याहून लांब. पाइपच्या तुकड्यात त्यांचे नुसते डोके मावायचे. सकाळी दगड सरकलेले दिसायचे, तळाला लांब लांब दोऱ्यांसारखी घाण. दोन पिवळ्या माशांच्या अंगावर कुणी चाटून सोलल्यासारखे पांढरे डाग पडले आणि ते एकामागून एक मेले. मी पाणी जास्त वेळा बदलले. मला वाटले माझेच काही चुकते आहे.

मग एका सकाळी, ऊन सरळ टाकीवर आलेले असताना, त्यातला सर्वांत मोठा मासा काचेवर चढला आणि त्याने पाठीवरचा पर उघडला. उंच, ठिपक्यांचा, शिडासारखा. मी पोछा हातात घेऊन उभी राहिले. दुसऱ्याचा बघितला, तिसऱ्याचा, चौथ्याचा. चारही साठ रुपयेवाले.

तरी मी मनात त्याच्या बाजूनेच बोलत होते. त्यालाच कुणीतरी फसवले असेल. मागून माल आला तोच चुकीचा आला असेल.

कामावरून सरळ दुकानात गेले. एक कॉलेजचा मुलगा उभा होता. भावाची पाठ माझ्याकडे. त्याने जाळी साध्या सकरच्या टाकीत घातली, ज्या टाकीकडे बोट दाखवून मला हे घेऊ नको म्हणाला होता तीच टाकी, आणि पिशवी भरत म्हणाला, "भिया, असली ब्रिसलनोज है. छोटे में सब एक जैसे दिखते हैं. मूँछ बाद में आएगी."

मुलगा पैसे देऊन गेला. भाऊ वळला आणि मी दिसले.

"अरे ताई, कधी आलीस? चहा सांगू?"

मी म्हटले, "मॅडमचे मासे सकर आहेत."

त्याने जाळी झटकली. मग म्हणाला, "ब्रिसलनोजचा माल आलाच नाही तेव्हा. दुकानाचे भाडे थकले होते. मी म्हटले, नंतर बदलून देऊ."

"मग सांगितले का नाहीस?"

"अगं, शेवाळ खातायत ना? मग झाले. ती डॉक्टरीण एका दाताचे पाच हजार घेते, तिला काय फरक पडतो?"

"मला पडतो. तिला वाटेल मी खाल्ले."

यावर तो हसला. वाईट नाही, लहानपणी मांडीवर बसून हसायचा तसाच. "तू कुठे कुणाला काही बोलतेस, ताई? मला माहीत होते, तू काही बोलणार नाहीस."

त्याने पैसे भाड्याला घातले हे मी सोसले असते. मागितले असते तर मीच कुठून तरी आणून दिले असते. पण तो माझा गप्पपणा धरून चालला होता. गिऱ्हाइकाला मिशांचे सांगायचे तसे मलाही सांगितले, आणि वर हेही जाणून होता की मला कळले तरी माझे तोंड उघडणार नाही. हे ज्याला मी बोलायला शिकवले त्याने.

मी चहा घेतला नाही.

मॅडमना कसे सांगायचे ते वाक्य मी रात्रभर जुळवत होते आणि दुसऱ्या दिवशी बसमध्येही जुळवत होते. पोहोचले तर टाकीजवळ एक अनोळखी माणूस उभा. मासे मेले म्हणून मॅडमनी बोलावलेला. तो म्हणत होता, "डॉक्टर साहब, ये तो पचास-साठ वाला सकर है. किसने टिका दिया?"

मॅडमनी माझ्याकडे बघितले. माझे जुळवलेले वाक्य गेले. मी एवढेच म्हटले, "मला कालच कळले."

"चोवीसशे दिले होते मी, दीदी." त्या हळू बोलल्या. "तुम्ही आणि तुमचा भाऊ..." त्यांनी खाण्याचा डबा उचलला आणि आपल्या खोलीत कपाटात ठेवला. पेशंटसमोर काही झाले नाही. कामावरून काढलेही नाही. पण त्या दिवसापासून पर्स टेबलावर ठेवून त्या आत जायच्या बंद झाल्या.

त्या माणसाने सकर तलावात सोडून द्या म्हटले. मी म्हटले, मी नेते. निळ्या ड्रममध्ये घालून ते अजून आमच्या गच्चीवर आहेत, दुधी आणि काकडीच्या सालांवर. नवरा म्हणतो, "मेहुण्याकडून हुंडा मिळाला, चार जावई पोसायला."

पगाराच्या दिवशी मी त्यातले चारशे परत मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"मासे. सहा महिन्यांत फेडते."

"राहू द्या. मी मागितलेत का?"

"नाही. पण मी देते." माझा आवाज कापत होता, पण निघाला. त्यांनी नोटा घेतल्या नाहीत, मीही उचलल्या नाहीत. पोछा मारून आले तेव्हा टेबलावर नव्हत्या.

दर महिन्याला चारशे. भाजीत काटले, नवऱ्याचे सकाळचे पोहे घरी करायला लागले. भाऊ फोनवर म्हणायचा, देतो, सीझन येऊ दे. राखीला आला. मी राखी बांधली. तोपर्यंत पाच वेळा भरून झाले होते. त्याला वाढता वाढता मी म्हटले, "मॅडमचे दोन हजार मी फेडले."

तो पुरी मोडत म्हणाला, "मग चारशेच राहिले ना? संपलेच की."

मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅसपाशी उभी राहिले. त्याने बाहेरून पुरी मागितली. मी नेऊन वाढली. चारशेचेही त्याने पुढे काही म्हटले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या गोष्टी बोललो, पावसाच्या आणि त्याच्या मुलीच्या शाळेच्या. तो गेल्यावर नवरा म्हणाला, "मांग लेती." मी म्हटले, त्याच्याकडे आता मागायचे काही राहिले नाही.

सप्टेंबरच्या पगाराला मी शेवटचे चारशे घेऊन आत गेले. मॅडम हातमोजे घालत होत्या, खुर्चीवर पेशंट तोंड उघडून बसलेला.

"मॅडम, हे शेवटचे. चोवीसशे पूर्ण झाले."

त्यांनी एक मोजा काढला, नोटा घेतल्या, या वेळी मोजल्या आणि खणात ठेवल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "पूर्ण झाले."