आवाज नसलेले चाळीस सेकंद

चाळणीबाईंना सिनेमाचा कंटाळा आहे हे ऐकून लोक हसत, कारण सत्तावीस वर्षं त्या पोटासाठी सिनेमेच बघत आल्या होत्या. थिएटरात जाण्याआधी प्रत्येक सिनेमा त्यांच्या अंधाऱ्या खोलीत येई. कानांवर हेडफोन चढवायचे, नजर पडद्यावर रोखायची, आणि कुठे चित्र थरथरलं, कुठे ओठ पुढे नि शब्द मागे राहिले, ते वेळेसकट तक्त्यात लिहायचं. गोष्टीत जीव गुंतला की चुका निसटतात, म्हणून गोष्टीकडे लक्षच द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. नायक जगला की मेला, बाईंना पत्ता नसे. त्यांच्या हातून काही सुटत नाही म्हणून ऑफिसनं 'चाळणी' हे नाव ठेवलं होतं, आणि बाईंना त्याचा अभिमानही होता.

मंगळवारी एक गरीब सिनेमा आला. ना ओळखीचा चेहरा, ना गाणं, ना जाहिरात. एका देवभक्त कुटुंबाची काहीतरी गोष्ट होती. बाईंनी तक्ता भरला. एका म्हातारीचा संवाद ओठांशी जुळतो का, हे तीनदा मागे नेऊन तपासलं. जुळत होता. पुढे लिहिलं, "एक तास बारा मिनिटं. चाळीस सेकंद आवाज पूर्ण गायब. गंभीर दोष." आणि सिनेमा परत धाडला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिका स्वतः येऊन थडकली. तिशीची पोर, डोळ्यांखाली काळं.

"मावशी, तो दोष नाहीये."

"आवाज नाही म्हणजे दोषच."

"अहो, बाप आईला मारतोय आणि पोरगी कपाटात बसून कान दाबून घेतेय. आपण तिच्या कानांनी ऐकतोय. ती पोरगी दिसली नाही तुम्हाला?"

"मी चुका बघते."

"चार वर्षं गेली माझी यात. आत्तापर्यंत नऊ माणसांनी पाहिलाय. तुम्ही दहाव्या. आणि तुम्हीही पाहिला नाहीतच!"

सिनेमाचं मशीन चालवणारा पोरगा दारातून म्हणाला, "चाळणीला भोकं असायचीच की हो, बाई!"

"तू तुझं मशीन सांभाळ," बाई कडाडल्या. पण दोष चुकीचा लिहिला गेला, हे त्यांच्या जिवाला लागलं. दिग्दर्शिका गेल्यावर त्यांनी सिनेमा पुन्हा लावला, तक्ता बाजूला ठेवून.

बाप राक्षस नव्हता. लोक त्याच्याकडे सल्ल्याला येत, तो अडल्यानडल्याच्या कामी पडे. हात उचलून झाला की तो सगळ्यांना गोल बसवून डोळे मिटायला लावी आणि क्षमेची प्रार्थना म्हणे. पहिली क्षमा बायकोनं मागायची. ती बायको माहेरी येते तेव्हा तिची म्हातारी आई म्हणते, "देवमाणूस मिळालाय तुला. जरा सांभाळून घे."

हेच वाक्य बाईंनी काल तीनदा तपासलं होतं. आणि गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या लेकीला किती वेळा ऐकवलं होतं, त्याची गणती नव्हती.

लेक आठ दिवसांपासून त्यांच्याकडेच होती. हात जांभळा पडला होता. "घरच्या जिन्यावरून पडले," म्हणाली होती. बाईंनी शेकायला पाणी तापवून दिलं होतं. लेकीचं घर तळमजल्यावर होतं, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! फोनवर बोलता बोलता लेक मधेच मुकी होई, तेव्हाही बाई लाइनच्या नावानं बोटं मोडत. आणि जावई शनिवारी न्यायला येणार होता. त्याच्या प्रार्थना मंडळात दोनशे माणसं होती. "पाठवते," असा शब्द बाईंनीच दिला होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, "मारतो का ग?"

"आता विचारतेस?" म्हणून लेक कपडे वाळत घालायला निघून गेली.

शनिवारी चारला जावई आला, फळांची पिशवी घेऊन.

"आई, तुमच्या हातचं खाल्लं की हिचा चेहरा कसा उजळतो बघा! निघण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना करू या."

तिघं बसली. त्यानं लेकीचा हात हातात घेतला, डोळे मिटले. लेकीनंही मिटले. बाईंनी नाही मिटले. त्याचा आवाज मधासारखा, चेहरा शांत. आणि अंगठा त्या जांभळ्या डागावर रुतलेला. लेकीचे ओठ क्षमेचे शब्द म्हणत होते, मधेच श्वास अडकत होता.

"ती येणार नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले नाहीत. "प्रार्थना पुरी होऊ द्या, आई."

"झाली पुरी. हात सोड तिचा."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला."

तो उठला, चक्क हसला. "देव तुम्हाला सद्बुद्धी देवो. उद्या मंडळातली वडीलधारी माणसं घेऊन येतो." मग लेकीकडे वळून म्हणाला, "बॅग भरलेलीच राहू दे."

तो गेल्यावर लेक गळ्यात पडेल, असं बाईंना वाटलं असेल तर चुकलंच त्यांचं. लेक संतापली होती.

"गेल्या वर्षी मी तुला सगळं सांगितलं होतं, आई. इथेच, ओट्यापाशी. तू भांडी घासत होतीस. नळसुद्धा बंद केला नाहीस."

पाण्याचा आवाज होता ग, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण निघालं भलतंच.

"ऐकलं होतं मी."

लेक आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

बॅग बाहेर तशीच होती, चेन लावून, पट्टे आवळून. बाईंनी ती जमिनीवर ओढली, पट्टे सोडले आणि एकेक कपडा काढून स्वतःच्या कपाटात रचायला घेतला. जागा पुरेना, तेव्हा आपल्या चार साड्या खुर्चीवर टाकल्या. उद्या जितकी वडीलधारी माणसं यायची, तितकी येऊ देत म्हणावं.