पेटीबंद शिपाई

चाळिशी उलटली तेव्हा माझ्याकडे प्लास्टिकच्या शिपायांचं एक लष्कर होतं, आणि त्यातला एकही शिपाई मी कधी पाहिलेला नव्हता.

पाहिला नव्हता, कारण मी डबे उघडत नसे. बोटीवरचे खलाशी मुंबईला उतरले की असला परदेशी माल घेऊन येत. त्यातला थोडा हिंडत फिरत वसई स्टेशनाजवळच्या बाबूशेठच्या दुकानात पोचे. वीतभर उंचीचे पुतळे, हातपाय हवे तसे वाकणारे. कुणी बंदूकवाला, कुणी पाणबुड्या, कुणी आगीचा बंबवाला, कुणी अंतराळवीर, कुणी छत्रीला लटकून विमानातून उडी मारणारा. हे सगळं मी डब्यावरच्या चित्रावरून सांगतोय. डबा पुठ्ठ्याचा, आणि त्यावर घट्ट बसवलेला चकचकीत पारदर्शक कागद. तो कागद फाटला की शिपायाची अब्रू गेली, असं माझं ठाम मत होतं. (हे मत मी कुठून आणलं, ते आता आठवत नाही. गावच्या शाळेत भूगोल शिकवायचो. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल ठाम बोलायची सवय तिथूनच लागली असावी.)

माझी बायको रोझी या लष्कराला 'बाहुल्या' म्हणायची. पाहुणे आले की ती कपाटाला पडदा लावायची. तिच्या माहेरी कुणाचा नवरा दारू प्यायचा, कुणाचा मटका खेळायचा. ती मान वर करून सांगायची, आमच्याकडे तसलं काही नाही. आणि मग पडद्याकडे बघून गप्प व्हायची.

या कामात मला साऱ्या तालुक्यात एकच माणूस समजून घेणारा भेटला. तो म्हणजे वामन. गोखिवऱ्याचा. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. बाबूशेठच्या दुकानात आम्ही दोघांनी एकाच डब्याला एकदम हात घातला, तिथे आमची ओळख झाली. त्याने डबा मला सोडून दिला. असा मोठ्या मनाचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

वामनचं आणि माझं एकाच गोष्टीवर वाजायचं. त्याचं म्हणणं, शिपाई बाहेर काढावा, उभा करावा, त्याच्याकडून काम करून घ्यावं. माझं म्हणणं, हा रानटीपणा आहे. तो हसायचा आणि म्हणायचा, सर, तुमचे शिपाई जन्मठेपेवर आहेत. पण मैत्री पक्की. दुकानात नवा माल आला की सर्वांत आधी वामनला कळायचं आणि तो न चुकता मला निरोप धाडायचा: पाणबुड्या आलाय, आजच जा, नाहीतर जाईल. मी सायकल दामटत स्टेशनवर जायचो आणि पाणबुड्या मला मिळायचाच. रोझीने तो डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, फार जड आहे. मी तिला समजावून सांगितलं की पाणबुड्यांच्या बुटांना शिसं लावलेलं असतं, नाहीतर ते बुडणार कसे.

पुढे वामनला मूत्रपिंडाचा आजार झाला. कारखाना सुटला. पाय सुजायचे, चेहरा पिवळा पडला. तरी निरोप येतच राहिले. स्वतःला काही घेता येत नाही, पण मित्राचा संग्रह वाढावा म्हणून हा माणूस आजारपणातही धडपडतोय, या विचाराने माझा गळा दाटून यायचा. हे मी रोझीजवळ बोललोही होतो. तिचा गळा दाटला नाही.

त्या वर्षी आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, सणाला फादरनी ठरवलं की गावातल्या लोकांच्या कलाकौशल्याचं प्रदर्शन भरवायचं. कुणाचं भरतकाम, कुणाची केळी, कुणाचं जुनं क्लॅरिनेट. मीही माझे डबे देवळाच्या हॉलमध्ये मांडले. पांढरी चादर, त्यावर रांग, प्रत्येकासमोर नावाची चिठ्ठी. सारं गाव जेवून आलेलं, त्यामुळे गर्दी चांगली होती. फादर माझ्या टेबलापाशी आले, इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "जोसेफ, ही तर नुसती खोकी आहेत."

मी त्यांना माझं मत सांगितलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की लोक इतक्या दुरून आलेत, निदान एक तरी उघडून दाखव. मी नाही म्हणालो. लोकांनी आग्रह केला. रोझीची आत्या, जिने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, तीही म्हणाली, उघड की रे. शेवटी काळजावर दगड ठेवून मी पाणबुड्याचा कागद नखाने फाडला.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नदीतला गोटा होता.

मी गोटा उलटा करून पाहिला. (का पाहिला, मला विचारू नका. कदाचित खाली पाणबुड्या असेल असं वाटलं.) मग मी बंबवाला उघडला. त्यात कौलाचा तुकडा. बंदूकवाला उघडला. त्यात कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी. आता थांबणं काही जमत नव्हतं. अंतराळवीर मी फार जपलेला होता. त्याच्या डब्यातून केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, निघाली. फादरनी एक सुकेळं हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "हे मात्र अजून चांगलं आहे."

त्यावर जे लोक हसायला लागले ते सण संपेपर्यंत हसत होते. पुढच्या टेबलावरचं क्लॅरिनेट कुणीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि रोझी बाबूशेठच्या दुकानात गेलो. सायकलच्या कॅरियरवर गोटा, कौल आणि साबण होता. (सुकेळी रोझीच्या आत्याने नेली होती.) मी ते सगळं गल्ल्यावर मांडलं आणि वाट्टेल ते बोललो. चोर म्हणालो, भामटा म्हणालो, वर्गात वापरता न येणारे शब्दही वापरले. बाबूशेठ म्हातारा माणूस. त्याने चष्मा पुसला, फाटका कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि मला बसायला स्टूल दिलं.

"मास्तर, हे सगळे डबे एकदा विकून परत आले होते," तो म्हणाला. "घरात कुणाला आवडलं नाही म्हणून. कागद जसाच्या तसा असायचा. मी कशाला नाही म्हणू? आणि ज्या दिवशी परत यायचा, त्याच दिवशी तुम्ही येऊन घेऊन जायचात. मला वाटायचं, चला, दोघंही खूश."

मी विचारलं, परत कोण आणायचं.

बाबूशेठला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्याने सांगितलं, तुमचेच ते गोखिवऱ्याचे.

माझा विश्वास बसला नाही, पण रोझीचा लगेच बसला. खोकी बनवणारा माणूस, खोक्यातली वस्तू जाते, आणि तुम्ही बुटाला शिसं लावता, असं ती रस्त्यावर उभी राहून म्हणाली. मी तिला घरी पाठवलं आणि तसाच सायकलवर गोखिवऱ्याला निघालो. वामनने स्वतःच्या तोंडाने हे खोटं आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो म्हणाला असता तर मी मानलं असतं. मी तर म्हणतो, त्याने अर्धवट म्हटलं असतं तरी मानलं असतं.

वामनच्या बायकोने, यमुनाने, दार उघडलं. मला पाहताच तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. त्यावरूनच मी समजायला हवं होतं. वामन खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. पायांचे नुसते खांब झालेले. आणि खिडकीत, भिंतीवर, पाण्याच्या माठावर, सगळीकडे माझं लष्कर.

पाणबुड्या काचेच्या पेल्यात पाण्याखाली उभा होता. छत्रीवाला दोऱ्याने तुळईला टांगलेला, वाऱ्यावर हळूहळू फिरत होता. बंबवाला खिडकीच्या गजाला धरून वर चढत होता. अंतराळवीर औषधाच्या बाटल्यांमधून चालला होता. मी भांडायला आलो होतो. घशात सगळे शब्द तयार होते. पण इतकी वर्षं मी ज्यांचा मालक होतो, ते मला पहिल्यांदाच दिसत होते.

"या बंबवाल्याच्या कमरेला खरी कुऱ्हाड आहे?" मी विचारलं.

"निघते पन," वामन म्हणाला. "काढून बघा ना, सर."

मी काढून पाहिली. निघाली. परत बसवली. मग दहा मिनिटं मी आणि तो, कोणाचा कोणता पाय कुठे वाकतो, हे बघत बसलो. यमुना चहा घेऊन आली तेव्हा मी पाणबुड्याला पेल्यात बुडवत होतो. तिला वाटलं सरांच्या डोक्यावर परिणाम झाला. ती चहा ठेवून दारातच उभी राहिली.

शेवटी मीच विचारलं, का केलंस. त्याने सांगितलं की घ्यायची ऐपत आधीपासूनच नव्हती, आणि आजार झाल्यावर तर दिवसच जाईना. डबा आणायचा, कागद किटलीच्या वाफेवर सोडवायचा, आतला काढून वजनाला काहीतरी घालायचं, कागद परत बसवायचा आणि डबा परत करून पैसे घ्यायचे. पण दुसऱ्या कुणी तो नेला तर त्याच्या पोराच्या हातात गोटा जाईल, पोर रडेल. म्हणून तो मलाच निरोप धाडायचा.

"तुमी उघडनार नव्हता, सर," तो म्हणाला. "साऱ्या वसईत तुमीच एक असे, की ज्याचं काही जानार नव्हतं."

त्याने सगळे घेऊन जा म्हणून आग्रह केला. यमुना पिशवी शोधायला लागली. मी त्या खिडकीकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं. मला फार चांगलं, समजूतदार काहीतरी बोलायचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते हे: "राहू दे रे. तुझं झालं की नेतो."

दारात यमुनाच्या हातातली पिशवी खाली पडली. मी शब्द परत घेण्यासाठी हातसुद्धा पुढे केला असावा. वामन एकदम हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तो उठून बसला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. "मग घाई करतो, सर," तो म्हणाला.

त्याने घाई केली. पावसाळा सुरू व्हायच्या आतच गेला. मधल्या काळात मी दर रविवारी जात होतो. आम्ही छत्रीवाल्याला माळ्यावरून सोडून पाहिलं. तो दोनदा नीट उतरला आणि तिसऱ्यांदा आमटीत पडला. त्या दिवशी वामनने जरा जास्त भात खाल्ला, असं यमुना मला फाटकापर्यंत येऊन सांगून गेली.

दहाव्यानंतर यमुनाने सगळे पुतळे पिशवीत घालून माझ्याकडे धाडले. बंबवाल्याचा एक पाय सुटला होता, तो तिने काळ्या दोऱ्याने बांधून दिला होता. आता ते रेडिओवर उघडे उभे असतात. रोझी त्यांना अजूनही बाहुल्याच म्हणते, पण धूळ पुसताना कोणाचं तोंड कुठे होतं ते लक्षात ठेवून तसंच ठेवते. रिकाम्या डब्यांत ती सुया-दोरे ठेवते.

तेराव्याला गोखिवऱ्यातल्या लोकांनी देवळापुढच्या मांडवात शोकसभा ठेवली. कारखान्याचे लोक आले होते, नात्यातले आले होते, बाबूशेठही येऊन मागे बसला होता. मास्तर म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. माझ्याआधी बोललेल्या प्रत्येकाने सांगितलं होतं की वामनने कधी कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. मी उभा राहिलो. समोर यमुना पदर डोळ्यांना लावून बसली होती. तिच्या मागे रोझी, तोंडाला रुमाल. बाबूशेठ चष्मा पुसत होता.

मी म्हणालो की वामनसारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. त्याने मला जे दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं नसतं. त्याच्या हातून निघालेली वस्तू पाहून मला कधीच शंका आली नाही. बोलता बोलता मला खरंच रडू फुटलं आणि पुढचं काही बोलता आलं नाही. रोझीचे खांदे हलत होते. बायकांना वाटलं तीही रडतेय, त्यांनी तिला धरलं. मांडवात एकही डोळा कोरडा राहिला नाही. भाषण करून उतरलो तेव्हा गावच्या पाटलांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, माणसाला आतून ओळखणारा माणूस हाच.

तेव्हापासून गोखिवऱ्यात कुणी गेलं की आधी मला निरोप येतो. ओळख असो वा नसो, मी सायकल काढतो, जातो, दोन शब्द बोलतो. माझं नाव इतकं झालंय की परवा बाजारात एक अनोळखी म्हातारा मला अडवून म्हणाला, "सर, मी अजून धडधाकट आहे. पन आमच्या वेळेला तुमीच या."