मधली नांगरट

जयमाला पोलिसात लागली तेव्हा संग्रामपुरात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ती सायप्रसला निघाली तेव्हा. शेजारणी येऊन विचारून गेल्या, हे कुठं आलं म्हणायचं? तानुबाईने, तिच्या आईने, सगळ्यांना एकच सांगितलं, "समुद्रात एक बेट हाय. तिथं ग्रीक अन् तुर्क लोकायचं पटत नाही. माह्या पोरीले मधात उभं राहाले बलावलं."

तानुबाईचं बरोबरच होतं. बेटाच्या दक्षिणेला ग्रीक, उत्तरेला तुर्क. पन्नास वर्षांपूर्वी लढाई जिथे थांबली तिथे मधोमध एक पट्टा सोडलेला, त्यात कोणाच्याच सैन्याने पाय ठेवायचा नाही. पट्ट्यावर संयुक्त राष्ट्रसंघाचा पहारा, आणि त्या पहाऱ्यावर देशोदेशीचे पोलीस. जयमाला तेव्हा बुलढाण्याला फौजदार होती. निवडीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला ती गाडी चालवण्यातच आपटली. नवरा गोविंदा म्हणाला, "जाऊ दे न आता. काऊन जिवाले घोर लावतं?" तिने ऐकून घेतलं आणि पुढचं वर्षभर सुट्टी मिळेल तेव्हा राजूर घाटात जीप वरखाली केली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

तो मधला पट्टा ओसाड असेल असं तिला वाटलं होतं. पण परवाना असलेले शेतकरी तिथे जव पेरत. सोतिरिस हा साठीचा ग्रीक आणि एर्तान हा त्याच्याच वयाचा तुर्क, दोघांची शेतं एकमेकांना लागून. सोतिरिसच्या बापाला उत्तरेतलं गाव सोडून पळावं लागलं होतं, एर्तानच्या बापाला दक्षिणेतलं. दोघांच्याही घरातलं एकेक माणूस त्या दिवसांत नाहीसं झालं, ते अजून सापडलेलं नाही.

ती रुजू झाली त्याच आठवड्यात सोतिरिसने तिला बाजूला घेतलं. "एर्तान दर साली नांगराचं एक तास पुढे सरकतो," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "स्वतःच्या मनाने नाही. मागून सैन्य सांगतं. तू नवी आहेस. त्याच्यावर विश्वास ठेवू नको."

दोन दिवसांनी एर्तानने गाडी थांबवली. सोतिरिसच्या विहिरीवरच्या मोटारीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती मोटार नाही. आत कॅमेरा आहे. तू नवी आहेस. त्याच्यावर विश्वास ठेवू नको."

दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. जयमालाने धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पेटलेली भाऊबंदकी कितीदा पंचनाम्यात उतरवली होती. कुऱ्हाड उचलायच्या आधी माणसं असंच बोलतात, हे तिला ठाऊक होतं. तिने उघडून दाखवायला लावली. मोटारच निघाली. एर्तान म्हणाला, "कॅमेरा काढून ठेवला असेल."

मे महिन्यात जव निघाले. रानात वाळलं धसकट उभं होतं आणि दोघांच्याही गंजी पूर्वेच्या रस्त्याकडेला रचून झाल्या होत्या. एका दुपारी पट्ट्याच्या पश्चिम टोकाला धूर दिसला. वारा गंजींच्या दिशेने होता. दोन्ही बाजूंचे बंब दोन्ही कडांना येऊन थांबले, पण वरून हुकूम आल्याशिवाय पट्ट्यात शिरता येत नव्हतं. हुकूम येत नव्हता, कारण आग कोणी लावली यावर तिकडे वाद सुरू झाला होता.

सोतिरिस आणि एर्तान धावत आले आणि समोरासमोर उभे राहून ओरडू लागले. दोघांचंही एकच, "यानेच लावली!"

"ट्रॅक्टर आणा," जयमाला म्हणाली. "दोन्ही रानांच्या मधे, आगीला आडवं नांगरून टाका. काळी माती वर आली की आग पुढे येणार नाही."

"मी नांगरलं तर उद्या म्हणेल जमीन घेतली," सोतिरिस म्हणाला.

"त्याचा फाळ माझ्या रानात नको," एर्तान म्हणाला.

वायरलेसवर वरिष्ठ बजावत होते, शेतकऱ्यांना मागे घ्या, तुम्हीही मागे या. तिने "मागे घेते, पण आधी नांगरट" एवढंच कळवलं आणि वायरलेस कमरेला अडकवला.

"मी पुढे चालते," तिने दोघांना सांगितलं. "माझ्या डाव्या अंगाला तू, उजव्या अंगाला तू. कोणाला पलीकडे जायचं असेल तर माझ्या अंगावरून ट्रॅक्टर घालावा लागेल."

कोणी हललं नाही. ती वळली आणि दोन्ही रानांच्या मधून चालायला लागली. धुराने डोळे झोंबत होते. मागून एका ट्रॅक्टरचा आवाज आला. तो एर्तान होता, मधल्या जमिनीत सोतिरिसने आधी फाळ घालू नये म्हणून निघालेला. तो एकटाच नांगरतोय म्हटल्यावर उद्या मधली सगळी जमीन आपली म्हणेल, या धास्तीने सोतिरिसनेही ट्रॅक्टर घातला. विश्वास कोणाचाच नव्हता. संशयानेच त्यांना कामाला लावलं होतं, आणि जयमालाला तेवढं पुरे होतं. रुमाल तोंडाला बांधून ती टोकापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. दोन्ही फाळ तिच्या बुटांच्या दोन्ही बाजूंनी माती उलथत राहिले.

आग नांगरटीपर्यंत आली आणि धुमसून विझली. गंजी वाचल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही, आपापल्या वाटेने ट्रॅक्टर घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दोघांच्याही तक्रारी आल्या. एकमेकांविरुद्ध तर होत्याच, जयमालाविरुद्धही होत्या. ती म्हणे समोरच्याच्या बाजूला झुकून चालली. चौकशी झाली. हुकूम मोडल्याबद्दल तिला ताकीद मिळाली. "पुन्हा असा प्रसंग आला तर काय कराल?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पुन्हा चालेन, साहेब," ती म्हणाली.

मुदत संपवून ती परत आली. पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेली असताना तिकडच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. ते बोलणं झाल्यावर तानुबाईने विचारलं, "पटलं का वो त्यायचं?"

"नाही माय. अजूनबी बोलत नाहीत."

"मंग तुह्या जाण्यानं काय झालं?"

"यंदा जव निघाल्याबरोबर दोघायनं आग अडली होती तो मधला तुकडा नांगरला. एक जण मंगळवारी, दुसरा बुधवारी. दुसऱ्यानं आपला हिस्सा नांगरू नये म्हनून."

तानुबाई मग म्हणाली, "काऊन का असेना, नांगरला न." आणि लेकीला जेवायला वाढायला उठली.